मिठाच्या रस्त्यांसाठी जुनी वॅगन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पुण्याहून ऑटवाला येऊन दीड वर्ष झालं. घरात दोन मुलं, धाकटं अजून बाबागाडीत. थंडीत गॅटिनोच्या टेकड्यांवर स्कीइंगला जायचं असतं. बारा हजार डॉलरपर्यंत जुनी स्टेशन वॅगन घ्यायची आहे. सध्या चार गाड्या समोर आहेत : सुबारू आउटबॅक २०१२ ची आणि २०१४ ची, व्होल्वो एक्ससी७० २०१० ची आणि फोक्सवॅगन गोल्फ स्पोर्टवॅगन २०१५ ची. यांतली भरवशाची कोणती?

उत्तर : चारही गाड्या आधी खालून बघा, मग कंपनीचं नाव वाचा. कोकणात खारा वारा गाडीचा पत्रा खातो, हे तुम्ही पाहिलं असेल. ऑटवात तेच काम रस्त्यावर टाकलेलं मीठ करतं, आणि ते खालच्या बाजूने करतं. मिठाच्या पाण्यात कॅल्शियम क्लोराइड असेल तर ते हवेतला ओलावा ओढून घेतं. त्यामुळे गाडी आठ-आठ दिवस आतून ओली राहते. इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स बदलता येतो. चासीचा सांगाडा सडला तर मात्र ती गाडी भंगारातच जाते.

गाडी कोरडी असताना, दिवसाउजेडी बघा. नुकतीच धुतलेली गाडी गंज लपवते. मागच्या चाकांच्या कमानींची आतली कड बोटाने चाचपा. दारांखालच्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका : खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, भदभद आला तर आत पोकळ. कमानीवर चुंबक चिकटत नसेल तर तिथे पुट्टी भरलेली आहे. लिफ्टवर चढवल्यावर मागचा सबफ्रेम (मागची चाकं ज्यावर बसतात ती चौकट) आणि पेट्रोलच्या टाकीवरून मागे जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या बघायला सांगा. नळ्यांवर तांबूस झाक चालते, पण खवले सुटत असतील तर त्या बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. सुबारूत आणखी एक जागा आहे : पेट्रोल भरायची नळी. ती मागच्या चाकामागच्या आवरणात दडलेली असते, तिथे चिखल आणि मीठ साचून ती सडते. पेट्रोल भरताना वास येणं, इंजिनचा दिवा अधूनमधून लागणं, ही तिची लक्षणं. आणि विकण्याच्या आधीच तळाला ताजा काळा डांबरासारखा थर फासलेला दिसला तर ती गाडी सोडून द्या.

आता एकेक गाडी. २०१२ च्या आउटबॅकमधलं अडीच लिटरचं इंजिन जुन्या, टायमिंग बेल्टच्या (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जुळवणाऱ्या पट्ट्याच्या) पिढीतलं आहे. बेल्टची मुदत १,६८,००० किलोमीटर किंवा १०५ महिने, यांतलं जे आधी येईल ते. म्हणजे गाडी कमी चालली असली तरी वयाने तो बेल्ट केव्हाच बदलायला हवा होता. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन जातं. बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप एकदम बदलल्याची पावती मागा. पावती नसेल तर काम झालेलं नाही असंच धरून चाला. याच इंजिनचं दुसरं दुखणं हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या सांध्यातल्या पातळ पट्टीचं. हे इंजिन आडवं असल्यामुळे गॅस्केटची खालची कड सतत तेलात आणि कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) भिजत राहते. मूळ गॅस्केट इथूनच बाहेर पाझरायला लागतं. हेडच्या आणि ब्लॉकच्या सांध्यावर, खालच्या बाजूला, तेलकट ओल दिसते आणि सायलेन्सरवर तेल पडून जळका वास येतो. बहुपदरी स्टीलचं गॅस्केट घालून आणि हेड सपाट करून घेतलेलं असेल तर हा दोष पुन्हा सहसा उद्भवत नाही. अशी नोंद असलेली २०१२ ची गाडी, नोंद नसलेल्या नव्या गाडीपेक्षा बरी.

२०१३ पासून चेन असलेलं नवं इंजिन आलं. बेल्टची कटकट गेली, पण सुरुवातीच्या इंजिनांपैकी काही तेल प्यायची, आणि अमेरिकेत त्यावरून सामूहिक दावाही झाला, त्यात २०१३ ची आउटबॅक होती. २०१४ ची असली तरी डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) स्वतः ओढून बघा. पातळी खालच्या खुणेजवळ असेल आणि मालक “परवाच ऑइल बदललं” म्हणत असेल, तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

दोन्ही आउटबॅकमध्ये सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. वीस मिनिटं चालवून तो पूर्ण गरम होऊ द्या, मग सिग्नलला थांबता तशी गाडी थांबवा. थांबताना इंजिन धडधडून बंद पडायला बघत असेल, तर गिअरबॉक्समधल्या टॉर्क कन्व्हर्टर किंवा व्हॉल्व्ह बॉडीचं काम निघालं आहे. हलक्या चढावर सावकाश चालवताना थरथर जाणवली तरीही तीच शंका घ्या. नंतर कोरड्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरा. गाडी अडखळत, ओढल्यासारखी चालली तर पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा क्लच अडकतो आहे, किंवा चारही टायर सारखे झिजलेले नाहीत. चारही टायरच्या घेरात सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा असं सुबारू सांगते. घेरातले ६ मिलिमीटर म्हणजे खाचेच्या खोलीत जेमतेम १ मिलिमीटर. म्हणून दोनच टायर नवे घातलेली आउटबॅक दिसली की सावध व्हा.

एक्ससी७० चा पत्रा चांगला टिकतो आणि लांबच्या प्रवासाला ती चौघांतली सगळ्यात आरामशीर. पण तिची मागची चाकं हॅल्डेक्स नावाच्या क्लचवर चालतात. त्याचं तेल वेळेवर बदललं नाही तर गाळ साचतो, पंप निकामी होतो, आणि गाडी मुकाट्याने फक्त पुढच्या चाकांवर धावते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. खडीवर किंवा बर्फावर जागेवरून जोरात निघा : मागची चाकं ढकलताना जाणवली पाहिजेत. सुटे भाग महाग पडतात, हेही हिशेबात धरा.

२०१५ च्या स्पोर्टवॅगनला ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद) नाही. ते २०१७ पासून मिळतं. १.८ लिटरचं टर्बो इंजिन चांगलं आहे, पण त्याचा वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट यांचं प्लॅस्टिकचं एकत्र घर गळतं. कूलंट किमान खुणेखाली असेल किंवा इंजिनच्या त्या बाजूला वाळलेली गुलाबी खपली दिसली, तर ते घर बदलायला आलं आहे.

चौघांतून आमचा कौल २०१४ च्या आउटबॅकला, तळ कोरडा आणि डिपस्टिक भरलेली असेल तर. तिची खालची उंची २२ सेंटिमीटर आहे, बर्फाचा नांगर रस्त्याच्या कडेला ढीग लावून जातो तेव्हा ती कामी येते. तळ सडलेला असेल तर तिच्याऐवजी सुक्या तळाची गोल्फ स्पोर्टवॅगन घ्या आणि उरलेले पैसे टायरांवर घाला.

एक राहिलं. कोणतीही गाडी बघायला जाताना मालकाला आधी इंजिन चालू करू देऊ नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा : गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन चालू होतानाचा आवाज, निळा धूर, बॅटरीचा दम, हे तेव्हाच कळतं. मग हीटर लावा. इंजिन नुसतं चालू असताना गार वारा आणि रेस दिल्यावर गरम वारा येत असेल तर कूलंट कमी आहे, किंवा गॅस्केटमधून त्यात वायू शिरतो आहे. इंजिन गरम झाल्यावर कूलंटच्या सुट्या टाकीत बुडबुडे दिसले तर दुसरी शक्यता जवळपास पक्की.

प्रश्न : ऑल व्हील ड्राइव्ह असताना विंटर टायरचा वेगळा खर्च कशासाठी? ऑल सीझन टायर चालत नाहीत का?

उत्तर : चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून निघते लवकर. थांबवण्याचं आणि वळवण्याचं काम मात्र रबराचं आहे, आणि ऑल सीझनचं रबर ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं. तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाचा स्फटिक असं चिन्ह असलेलेच टायर घ्या, आणि चारही एकदम. जुने मिळत असतील तर बाजूवरचा चार आकडी कोड वाचा : ३८२१ म्हणजे २०२१ सालचा ३८ वा आठवडा. सहा-सात वर्षांपुढचे किंवा ५ मिलिमीटरखाली झिजलेले टायर बर्फात कामाचे नाहीत.

वेगळ्या रिमवर बसवलेला जोड घेणं सोयीचं, पण आउटबॅकमध्ये एक फसगत होते. २०१४ पर्यंत रिम बसवायच्या बोल्टचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं, २०१५ पासून ११४.३ चं. २०१५ च्या गाडीचे स्वस्तात मिळालेले रिम तुमच्या गाडीला लागणारच नाहीत. हवाही तपासत राहा : तापमान ५-६ अंश उतरलं की दाब सुमारे १ पीएसआयने घटतो. गॅरेजमध्ये २० अंशाला भरलेला टायर उणे २५ च्या सकाळी ७-८ पीएसआयने कमी असतो.

क्वेबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. म्हणून नदीपलीकडे, क्वेबेकमधल्या गॅटिनोच्या बाजूला विकायला असलेल्या गाडीसोबत दुसरा जोड मिळण्याची शक्यता जास्त, तो मागून घ्या.

प्रश्न : मालक “सेफ्टी करून देतो” म्हणतो आहे. मग आपला मेकॅनिक वेगळा हवा का?

उत्तर : हवाच. ऑन्टॅरिओचं सेफ्टी सर्टिफिकेट ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, टायर यांसारख्या गोष्टी किमान पातळीला उतरतात एवढंच सांगतं. इंजिन तेल पितं का, सीव्हीटी किती दिवस टिकेल, यावर त्यात अवाक्षर नसतं. शिवाय ते ३६ दिवसच वैध. मालकाशी ओळख नसलेल्या गॅरेजमध्ये लिफ्टवर तपासणी करून घ्या.

खाजगी विक्री असेल तर सर्व्हिस ऑन्टॅरिओ या प्रांताच्या सरकारी कार्यालयाचं वीस डॉलरचं वापरलेल्या वाहनाचं पाकीट मालकाने द्यायचं असतं. त्यात ऑन्टॅरिओतले आधीचे मालक आणि गाडीवरचं थकीत कर्ज दिसतं. गाडी दुसऱ्या प्रांतातून आलेली असेल तर तिथल्या कर्जासाठी कारफॅक्स या गाड्यांचा इतिहास देणाऱ्या कंपनीचा अहवाल घ्या. १३ टक्के कर तुम्हाला नोंदणीच्या वेळी भरावा लागतो, तोही तुमची किंमत आणि रेड बुक या जुन्या गाड्यांच्या दरपुस्तकातली घाऊक किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर. बारा हजारांत गाडी, कर आणि टायर बसवायचे असतील तर गाडीसाठी साडेनऊ हजारांच्या पुढे बोली लावू नका.