आई-बाबांना व्हॉट्सअ‍ॅप जमतं, मग बँकेचं अ‍ॅप का जमत नाही?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा दिवसभर व्हॉट्सअ‍ॅप चालवतात पण बँकेचं अ‍ॅप उघडलं की लगेच तुम्हाला हाका मारतात, वयामुळे होत असेल का. आमच्याकडे पण हेच चालतं आणि माझं स्पष्ट मत आहे की यात वयाचा काही संबंध नाही, अ‍ॅपच धड बनवलेलं नसतं.

माझ्या वडिलांनी पतपेढीत उभी हयात खतावण्या लिहिल्या, हिशोबात आजही कुणाला ऐकत नाहीत, आणि हा माणूस अडकतो कुठे तर स्वतःच्या जन्मतारखेवर. कॅलेंडर उघडतं चालू महिन्याचं, त्यांचा जन्म १९५२ चा, एकेक महिना मागे जायचं म्हणजे आठशेच्या वर वेळा बाण दाबायचा. बऱ्याच अँड्रॉइड अ‍ॅप्समध्ये वर जे साल दिसतं त्यावर बोट ठेवलं की सालांची यादी उघडते, पण ते दाबायचं असतं हे कळणार कसं, तिथे तसं काहीच दिसत नाही. अहो सरळ आठ आकडे टाइप करू द्या ना!

आयएफएससीचं पण तेच. पैसे पाठवताना समोरच्याच्या बँकेची शाखा ओळखायला लागणारा ११ अक्षरांचा कोड, पहिली चार बँकेची, पाचवं कायम शून्य, उरलेली सहा शाखेची. पासबुकावर बारीक छापलेलं असतं, माणूस शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकतो आणि अ‍ॅप लाल अक्षरांत 'इनव्हॅलिड' म्हणून मोकळं होतं, नेमकं काय चुकलं ते सांगतच नाही. तिथे शून्यच येतो हे ठरलेलं आहे तर अ‍ॅपनेच बदलून घ्यावं की.

पण सगळ्यात जास्त राग मला अक्षरांच्या साइजचा येतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांनी फोनची अक्षरं मोठी करून ठेवलीत, त्यामुळे 'प्रोसीड'चं बटण स्क्रीनच्या खाली गेलं आणि ते पान वर सरकेचना. तेवढ्यात ओटीपीची वेळ संपली, अ‍ॅपने बाहेर काढलं, बाबांना वाटलं पैसे अडकले, रात्री धड जेवले पण नाहीत. ओटीपी, पिन सुरक्षेसाठी पाहिजेतच, त्याबद्दल तक्रार नाही, पण बटण गायब होण्यात कसली आलीय सुरक्षा? ज्यांना मोठी अक्षरं लागतात अशा एकाच्या तरी हातात फोन देऊन बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर चुकलं तर मेसेज डिलीट करून परत लिहिता येतो, कुणी बाहेर काढत नाही, म्हणून तिथे त्यांना भीती वाटत नाही.

सध्या तुम्ही एवढं करा, ज्यांना नेहमी पैसे पाठवायचे असतात त्यांचे खाते नंबर आणि आयएफएससी आई-बाबांच्या शेजारी बसून एकदाच सेव्ह करून द्या, म्हणजे पुढे फक्त रक्कम टाकावी लागते. बटण दिसत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं तात्पुरती एक पायरी लहान करायला शिकवा. पिन मात्र त्यांचा त्यांनाच टाकू द्या.