मागून हूं-हूं आणि मधेच कट्ट

प्रश्न : काका नमस्कार. माझी छोटी हॅचबॅक आहे, नऊ वर्षं जुनी, पुढच्या चाकांनी ओढणारी. चाळीसच्या पुढे गेलं की मागून हूं-हूं आवाज येतो, सत्तरला तर मागे बसलेल्यांना एकमेकांशी बोलता येत नाही. उन्हाळ्यात मिस्त्रीने मागचं उजवं बेअरिंग बदललं, आवाज जरा कमी वाटला पण गेला नाही, आणि आता वरून ब्रेक दाबला किंवा चाक खड्ड्यात गेलं की कट्ट असं काहीतरी वाजतं. परवा ओंकारेश्वरला गेलो होतो, सिमरोलच्या पुढे घाटात उजवीकडे वळलं की हूं-हूं वाढायचं, डावीकडे वळलं की जवळजवळ बंद. मिस्त्री म्हणतो डिफरेन्शियल गेलंय, मागचं पूर्ण एक्सल बदला. बदलू का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : अजिबात नका बदलू. डिफरेन्शियल म्हणजे इंजिनची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारे गिअर, ते तुमच्या गाडीत मागे नाहीतच, तर जातील कुठून? ते पुढे गिअरबॉक्सच्या पोटात असतात. मागे नुसता बीम म्हणजे आडवा लोखंडी दांडा, त्याच्या दोन टोकांना स्पिंडल म्हणजे चाकाचे आखूड आस, स्पिंडलवर ड्रम आणि ड्रममध्ये बेअरिंग, बस. बीमचे बुश गेले तर स्पीडब्रेकरवर ठकठक होईल पण बीम काही हूं-हूं करत नाही. मागे डिफरेन्शियल असतं ते व्हॅन, जीप, जुनी अँबेसेडर असल्या मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या गाड्यांत, आणि तिथेही त्याचा आवाज वेगळा ओळखू येतो, रेस दिली की एक सूर, पाय उचलला की दुसरा. बेअरिंगला तुमच्या रेसशी काही घेणंदेणं नाही, ते फक्त चाक किती जोरात फिरतंय ते बघतं. रिकाम्या सरळ रस्त्यावर साठला गाडी न्यूट्रल करून बघा, इंजिन शांत झालं तरी आवाज तस्साच राहिला तर तो चाकाकडचा. इंजिन बंद करू नका हं, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ घाटाची आहे, आणि ती बहुतेक मिस्त्रीला सांगितलीच नसेल. गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डाव्या चाकांवर जातं. घासलेल्या बेअरिंगवर वजन वाढलं की ते जास्त ओरडतं, हलकं झालं की गप्प बसतं. म्हणजे ओरडतंय ते डावं, आणि बदललं गेलं उजवं. गाडीच्या आत बसून आवाज डावीकडचा की उजवीकडचा हे कानाने सांगणं फार अवघड, पत्रा आवाज कुठून कुठे नेतो, त्यामुळे मिस्त्रीला फार बोल लावू नका, वळणावर मात्र त्याला एकदा शेजारी बसवून न्यायला हवं होतं.

तरी डावं बदलायच्या आधी टायरचा संशय एकदा बाद करून घ्या, कारण टायर एकसारखा न घासता खालीवर घासला की तोही अगदी असाच हूं-हूं करतो. हात फिरवून बघा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने दातेरी लागला तर संशय घ्या. रस्ता बदलला, म्हणजे सिमेंटवरून नव्या डांबरावर आलात, की टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाही. आणि सगळ्यात सोपं म्हणजे मागचे टायर पुढे टाका, आवाज टायरबरोबर पुढे आला तर बेअरिंगला हात लावू नका.

मग जॅक. सपाट जमीन, पुढच्या दोन्ही चाकांना विटा, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला (नाहीतर मागचं चाक फिरणारच नाही), आणि जॅक नुसता भरवशावर नको, खाली स्टँड हवाच. चाकाला वर आणि खाली धरून हलवा, मग डावीउजवीकडे धरून. चांगल्या बेअरिंगमध्ये खटखट लागत नाही. पुष्कळदा घासलेलं बेअरिंगही हलत नाही, तेव्हा एका हाताने चाक जोरात फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर अलगद ठेवा. गोळ्या जिथून फिरतात त्या वाटेला खड्डे पडले असतील तर स्प्रिंगमधून बारीक खरखर बोटांना लागते, जात्यात खडा आल्यासारखी. दुसऱ्या बाजूला तेच करून बघा, फरक लगेच समजतो. बोटं स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये घालायची नाहीत, आणि लहान मुलं आसपास नकोत.

आता कट्ट. हे उजवीकडचं असणार, जिथे काम झालंय. ड्रमच्या मधोमध पत्र्याची टोपी असते, ती काढली की आत मोठा नट दिसतो. काही गाड्यांत त्याला खाचा असतात आणि आरपार स्प्लिट पिन, म्हणजे नट फिरू नये म्हणून घालतात ती दुपाखी पिन, काहींत नटाची पातळ कॉलर स्पिंडलच्या खाचेत पंच मारून दाबलेली असते. टोपी काढा आणि नीट बघा. कॉलरवर एकाच ठिकाणी ताजा ठोका हवा. जुना ठोका एकीकडे, नवा दुसरीकडे असं दिसलं तर जुनाच नट परत लावलाय, आणि ठोका अजिबातच नसेल तर नट फिरत फिरत सैल होणारच. पंच मारायचा नट एकदाच वापरायचा असतो, आणि स्प्लिट पिनही दर वेळी नवीनच टाकायची.

लोकांना वाटतं नट म्हणजे चाक पडू नये म्हणून लावलेली कडी. पण आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या मागच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगा त्या नटानेच एकमेकींवर दाबलेल्या राहतात. नट सैल तर रिंगा सुटतात, ब्रेक लागला की ड्रम स्पिंडलवर कणभर सरकतो, तेच तुमचं कट्ट, आणि नवंकोरं बेअरिंग काही महिन्यांत खलास. म्हणून एकाच चाकाचं बेअरिंग लागोपाठ दोनदा गेलं तर कंपनीच्या मालाला शिव्या द्यायच्या आधी नट कसा आवळला ते विचारा. उत्तर ‘भिया फुल टाइट कर दिया’ असं आलं तर समजून जा. लांब पाइप लावून फुल टाइट हे काही माप नाही, टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागतोय ते मोजणारा पाना, लावून त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडा गाठायचा असतो. आणि हेही ऐका, ज्या गाड्यांत टेपर रोलर बेअरिंग (गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असलेलं) आहे, जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकांत असायचं तसं, तिथे हा न्याय उलटा लागतो. तिथे चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, मग थोडा मागे घ्यायचा, अगदी जराशी ढील ठेवायची, फुल टाइट केलं तर ग्रीस जळून बेअरिंग चिकटतं. म्हणून आधी आत काय आहे ते विचारा, मग पाना उचला.

तर डावं बेअरिंग आणि दोन्ही बाजूंना नवे नट, एवढंच. उजवं नवं बेअरिंग सैल नटावर चाललंय, तेही उघडून हाताने फिरवून बघायला सांगा, खरखर लागली तर गेलं. हे होईपर्यंत ओंकारेश्वर वगैरे नको, गावातल्या गावात हळू चालवा, आणि कट्ट वाढलं किंवा ब्रेकचा पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागला तर तेही नको.

प्रश्न : बाबांची १९६० च्या दशकातली फोक्सवॅगन बीटल घरी उभी होती, दुरुस्त करून रविवारी काढतो. निघताना आणि रिव्हर्स घेताना मागून टक्क असा लोखंडी आवाज. मिस्त्रीने मागचा मोठा नट आवळला, थोड्या दिवसांत परत तेच. तो म्हणतो जुनी गाडी आहे, वाजणारच.
– लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : जुनी आहे म्हणून वाजत नाहीये, सैल आहे म्हणून वाजतेय. वरच्या गाडीत मागची चाकं नुसती मागोमाग येतात, तुमच्या बीटलमध्ये तीच गाडी ढकलतात. एक्सल शाफ्टला दातेरी स्प्लाइन, त्यावर ड्रम, ड्रमला चाक. नट सैल असला की क्लच सोडताना शाफ्ट आधी स्वतः थोडा फिरतो आणि मग ड्रमला धडकतो, रिव्हर्सला उलटीकडून धडकतो, आणि दर धडकेला ड्रमचे दात थोडे थोडे खाल्ले जातात. खूप दिवस असंच चालवलं तर एक दिवस इंजिन फिरतंय, गिअर पडतोय आणि गाडी जागची हलत नाही, अशी वेळ येते. त्याहून वाईट म्हणजे नट पूर्ण निघाला तर चाकाबरोबर ड्रमही बाहेर येतो, म्हणजे ब्रेकही गेला.

हा नट ३६ मिलिमीटरचा आणि त्याचं माप २१७ फूट-पाउंड, म्हणजे जवळपास ३० किलोग्रॅम-मीटर. अंदाज यावा म्हणून सांगतो, आडव्या पान्यावर नटापासून अर्ध्या मीटरवर ६० किलोचा माणूस पूर्ण वजन टाकून उभा राहिला तर एवढं होतं. साध्या हाताने आवळून हे होत नाही, मोठा टॉर्क रेंच कुठल्याही ट्रकच्या गॅरेजमध्ये मिळेल. गाडी जमिनीवर हवी, जॅकवर एवढा जोर लावलात तर गाडी पाडाल.

आणि माझा संशय स्प्लिट पिनवर आहे. माप गाठलं की बरेचदा नटाची खाच आणि शाफ्टचं भोक जुळत नाही, मग मिस्त्री नट थोडा मागे घेतो आणि पिन टाकून मोकळा होतो. मागे घ्यायचं नाही, पुढच्या खाचेपर्यंत अजून आवळायचं. त्याआधी ड्रम काढून स्प्लाइन बघा, दात झिजून टोकदार झाले असतील किंवा ड्रम शाफ्टवर हाताने हलत असेल तर नट कितीही आवळा, परत सैल होणार. तसा ड्रम बदलायचाच, आणि शाफ्टचे दातही त्याच वेळी तपासून घ्या. नवा ड्रम बसवल्यावर थोडं चालवून टॉर्क पुन्हा एकदा तपासा.

प्रश्न : पंक्चर काढून आणल्यापासून मागचं चाक वाजतंय. बेअरिंग गेलं का?
– रामबाग, इंदूर

उत्तर : आधी चाकाचे नट बघा, बेअरिंग नंतर. पंक्चरवाला एअर गनने घर्रकन लावतो, कधी चाक तिरकंच बसतं, कधी हबवरची माती-गंज न पुसताच, आणि थोडं चाललं की नट सैल. चाक काढा, हबवरचा भाग तारेच्या ब्रशने साफ करा, सगळे नट आधी हाताने बसवा, मग समोरासमोरचे आवळत जा, आणि शेवटचा जोर गाडी जमिनीवर टेकवून द्या. छोट्या गाड्यांत हे माप साधारण ८५ ते १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतं, तुमच्या गाडीचं ओनर मॅन्युअलमध्ये दिलेलं आहे. ५०-१०० किलोमीटर चालवून परत एकदा पाना लावा. बाहेरून अलॉय बसवले असतील तर नटाची बैठक त्याच अलॉयची हवी, स्टीलच्या रिमचे जुने नट कधी कधी तिथे नीट बसत नाहीत. नटाखालचं भोक लांबट झालेलं दिसलं तर ते रिम परत लावू नका, स्टेपनी लावा आणि रिम बदला.