एकच वाट, वर्षभर

कोल्हापूर,
जून अखेर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जुलैतल्या पन्हाळा-पावनखिंड मोहिमेत नाव घालू का, असं विचारलंयस आणि खाली यंदा करायच्या डोंगरांची यादी दिलीयस: रांगणा, गगनगड, भुदरगड, सामानगड, पारगड, दाजीपूर. यादी चांगली आहे, जपून ठेव. पण यंदा एकच वाट धर, असं मी सांगेन. पन्हाळ्यावरून उतरून म्हाळुंग्याकडून मसाई पठारावर चढायचं, वेळ असेल तेवढं पठार चालायचं आणि आल्या वाटेनं मागं फिरायचं. महिन्यातून एकदा, पुढच्या जूनपर्यंत.

तुला हे कंटाळवाणं वाटेल, म्हणून कारण सांगते. डोंगरात बरंचसं तुलनेनं ओळखावं लागतं. ओढ्याला गुडघाभर पाणी आहे हे कुणालाही दिसतं. ते नेहमीचंच आहे की वरच्या अंगाला आत्ता पाऊस कोसळल्यामुळं वाढत चाललंय, हे मात्र तो ओढा आधी पाहिलेल्यालाच कळतं. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, आवाज जड झाला, तर पलीकडं जायचं नाही. पण 'एकाएकी' कशाला म्हणायचं, हे समजायला त्या ओढ्याशी ओळख हवी. आपल्या दमाचंही तसंच. एकाच चढाला जूनमध्ये किती थांबे लागले आणि डिसेंबरात किती, हे कळलं की अंगाचा अंदाज येतो. दर रविवारी नवा डोंगर केलास तर प्रत्येक डोंगराचा एकेक दिवस तुझ्याजवळ राहील, आणि एका दिवसावरून डोंगर कळत नाही.

हीच वाट का? कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून (सीबीएस) पन्हाळ्याची एसटी मिळते, अंतर वीसेक किलोमीटर. वाटेवर गावं आहेत, चढ बेताचा आहे. तरीही एका दिवसाच्या चालीत जे जे भेटायला हवं ते सगळं इथं भेटतं: झाडीतली पायवाट, उघडं माळ, कडा, ओढा, धनगरवाडा, कड्यात कोरलेल्या पांडवदऱ्याच्या लेण्या. आणि पावनखिंडीची वाट याच पठारावरून जाते. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ते याच बाजूनं. त्यांच्यासाठी पालखीत बसलेल्या शिवा काशीद यांची समाधी पन्हाळ्याला आहे, तिथं आधी जाऊन ये. मग भर पावसात पठारावर उभी राहा. आडोसा म्हणून काही नाही, पायाखाली निसरडा जांभा दगड, समोर धुकं. अशा जागेतून रात्री धावत जाणं म्हणजे काय, हे पायांना कळतं. मोहिमेत हजारभर माणसांच्या मागं चिखल तुडवताना हा विचार करायला उसंत मिळत नाही. मोहीम वाईट नाही, पुढच्या वर्षी जा. तेव्हा पहिला टप्पा तरी तुला तोंडपाठ असेल.

आता पावसाळ्याचं. शहरात ऊन पडलंय म्हणून निघू नको. आपल्याकडं पाऊस पश्चिमेला झपाट्यानं वाढत जातो. कोल्हापुरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पडतो, आणि जेमतेम ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्याला ५००० च्या पुढं. म्हणजे शहरातल्या रंकाळा तलावावरून आभाळ बघून पठाराचा अंदाज बांधता येत नाही. जुलै-ऑगस्टात पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि सपाट माळावर गुरांच्या वाटा एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की प्रत्येक वाट खरी वाटते. अशा वेळी वारा उपयोगी पडतो. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. पन्हाळ्याकडून पठारावर जाताना तो तोंडावर असतो, परतताना पाठीवर असला पाहिजे. परत येतोय असं तुला वाटतंय आणि वारा तोंडावर आहे, तर थांब. धुक्यात चालत राहण्यापेक्षा खाली बसणं केव्हाही बरं. ते सहसा अधूनमधून फाटतं, तेवढ्यात खूण पटते. कडा जवळ असेल तर एक पाऊलही अंदाजानं टाकायचं नाही. मोबाइलवर नकाशा आधीच उतरवून घे आणि मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव, पण भिस्त त्याच्यावर ठेवू नको. ओल्या बोटांनी पडदा चालत नाही, आणि बॅटरी संपायची ती अशाच वेळी संपते.

सप्टेंबर मात्र चुकवू नको. जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ, दिसतो उजाड, पण त्याच्या खळग्यांत बोटभर माती साठते, तिच्यात पाणी तुंबतं आणि तेवढ्यावर सगळं फुलतं. गेंदाची पांढरी बोंडं, सोनकीचा पिवळा पट्टा, तेरडा, आणि ओलसर जागी सीतेची आसवं. ही शेवटची वनस्पती नीट बघ, गुडघे टेकून बघ. त्या मातीत पोषण इतकं कमी की हिनं मुळांकडच्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून खायची सोय करून घेतलीय. वनस्पतिशास्त्र शिकवताना फळ्यावर हे कितीदा काढून दाखवलं, पण मुलांचे डोळे चमकले ते पठारावर आणल्यावरच. चालताना उघड्या कातळावरून चाल, फुलांच्या गालिच्यातून नको. बोटभर मातीत बुटाचा ठसा उमटला की तिथं पाणी वेगळं वाहतं आणि माती धुपून जाते. पठारावर गाड्या घालून चाकांच्या रेघा ओढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. हे पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तरी हे चालतं. तुझ्याबरोबरचा कुणी असं करू लागला तर तोंडावर सांग, भीड धरू नको.

ऑक्टोबरात गवत पिवळं पडतं, ऊन चटके देतं, पाणी जास्त लागतं. हिवाळा सोपा, त्याबद्दल लिहायला फारसं नाही. फक्त दिवस लहान असतो.

उन्हाळ्यात दोन गोष्टी आहेत. एक वळीव. एप्रिल-मेमध्ये सकाळ स्वच्छ असते आणि दुपारनंतर ढग बघता बघता चढतात. उघड्या पठारावर सगळ्यांत उंच वस्तू तूच असतेस, म्हणून बाराच्या आत पठार सोडायचं. तरीही गाठलंच विजेनं, तर एकट्या झाडाखाली जायचं नाही. सखल जागा बघून पाय जुळवून उकिडवं बसायचं, एकमेकांपासून अंतर ठेवून. परतीच्या पावसातही हाच नियम. दुसरी गोष्ट वणवा. नवं गवत चांगलं येतं या समजुतीनं लोक डोंगर पेटवतात, कधी वाटसरूची बिडीही पुरते. त्यात जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांची पिल्लं जळतात, रोपटी जातात, आणि पावसाळ्यात तीच उघडी माती ओढ्यात येते. धूर दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन कर आणि खालच्या गावात सांग. वारा आग जिकडं ढकलतोय त्या बाजूला उभी राहून विझवायला जाऊ नको.

वेळेचं गणित घरून निघतानाच करायचं. आपल्या डोंगरात पाठीवर पिशवी घेऊन ताशी तीन किलोमीटर धर, आणि तीनशे मीटर चढाला वर एक तास. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, झाडीत अंधार त्याआधीच पडतो. परत फिरायची वेळ वहीत लिहून ठेवायची आणि ती झाली की मसाईदेवीचं देऊळ समोर दिसत असलं तरी मागं वळायचं. सोबतच्यांना निघतानाच हे सांगून ठेव, म्हणजे वर गेल्यावर वाद नको.

वाटेत माणूस भेटला की आधी रामराम घाल, मग विचार. अंतर विचारू नको. "हितंच हाय की" असं उत्तर मिळेल, आणि सांगणाऱ्याच्या पायांच्या हिशेबानं ते खरंही असतं. त्यापेक्षा विचार, "डेअरीला दूध घालायला खाली जाता, तर किती वेळ लागतो?" हा वेळ त्यांना मिनिटांत ठाऊक असतो, कारण दूध वेळेवर पोचवावं लागतं. ते सांगतील त्याच्या दुप्पट तू धर. धनगरवाड्यावर पाणी मिळतं, आग्रह केला तर ताकही मिळतं. मार्च-एप्रिलमध्ये मात्र तिथलं पाणी बायांनी लांबून डोक्यावरून आणलेलं असतं. तेव्हा आपलं पाणी आपण न्यायचं आणि त्यांच्याकडं मागायचं नाही.

दाजीपूरबद्दल तू फार उत्साहानं लिहिलंयस. जरूर जा, पण तिथं वेगळ्या मनानं जावं लागतं. करवीरकर छत्रपतींचं ते शिकारीचं राखीव रान. १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, पुढं वाढत वाढत आजचं ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य बनलं, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. तिथं मनाला येईल त्या पायवाटेनं शिरता येत नाही. वन विभागाची परवानगी घ्यायची, स्थानिक वाटाड्या घ्यायचा, पावसाळ्यात जायचंच नाही. गवा दिसायला शांत, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा, पण मोठा नर टनाच्या आसपास भरतो. कळप एकवेळ बाजूला होतो. एकटा नर आणि पिल्लू बरोबर असलेली मादी, या दोघांपासून फार लांब राहायचं. तो फुरफुरला, मान खाली घातली, तर पाठ न दाखवता सावकाश मागं सरकत जाड झाडाच्या आड जायचं. फोटोसाठी पुढं सरकणारा गटात असेल तर पुढच्या वेळी त्याला बरोबर नेऊ नको. शेकरू बघायला वर मान करावी लागते आणि त्यासाठी गप्प राहावं लागतं, एवढंच त्याबद्दल सांगते.

सापाचं भय तुझ्या आईनं फोनवर बोलून दाखवलं, म्हणून लिहिते. जांभ्याच्या सुट्या दगडांखाली फुरसं असू शकतं. दगड उचकायचे नाहीत, बघितल्याशिवाय कुठं हात टेकायचा नाही, बसायचं नाही. चावलाच, तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. तो अवयव लाकडाच्या आधारानं स्थिर करून, माणसाला न चालवता, लवकरात लवकर सरकारी दवाखाना गाठायचा, कोल्हापुरात सीपीआर रुग्णालय. १०८ ला आधी फोन करायचा. कड्यांना आग्या मोहोळं असतात, तिथं अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही नको.

पिशवीत काय न्यायचं ते तुला जमेल. पाणी अडीच-तीन लिटर, भाकरी, खर्डा, शेंगदाणे, गूळ. एक लिटर पाण्याला सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे मिश्रण घरूनच करून ने. शिट्टी, विजेरी, कोरडे मोजे. जीन्स नको, भिजली की जड होते आणि वाळत नाही. बुटाचा तळवा खाचांचा हवा. शेवाळलेल्या जांभ्यावर गुळगुळीत तळवा टिकत नाही. पठारावर छत्री उलटते, रेनकोट ने.

आणि वही. दर वेळी तीनच नोंदी कर: ठरलेल्या ठिकाणी किती वाजता पोचलीस, ओढ्याला पाणी कुठवर होतं, आणि काय फुललं होतं. एकटी जाऊ नको. दोन मैत्रिणी तयार कर, आणि परतायची वेळ घरी सांगून निघ.

पहिली फेरी येत्या आठवड्यात कर, पण पाऊस मोठा असेल तर पन्हाळ्यावरच थांब, तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी बघ आणि परत ये. ही फेरीही वहीत धरायची. सप्टेंबरच्या फेरीला मी बरोबर येणार आहे, भिंग मी आणते. तारीख तू ठरव, रविवार मात्र नको, गर्दी असते.

तुझ्या
बाई