मॉक ड्राफ्ट करताना आधी नावं खोडा

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, हौस म्हणून अमेरिकन कॉलेज सॉकरचे गोल-असिस्टचे आकडे गोळा केलेस, त्यावरून एमएलएस या तिथल्या फुटबॉल लीगच्या सुपरड्राफ्टची, म्हणजे क्लब कॉलेजातली पोरं क्रमाने निवडतात त्या दिवसाची, पहिली फेरी आधीच अंदाजाने लावून बघितलीस (यालाच मॉक ड्राफ्ट म्हणतात) आणि ३० पैकी जेमतेम ४ नावं जुळली. संघासकट बरोबर आलेलं फक्त एक. आता मॉडेल बदलू की आकडे बदलू? (एकेरीत लिहितोय, माझा मुलगा तुझ्यापेक्षा मोठा आहे. चालवून घे.)

दोन्ही नको बदलूस. तू गणित बरोबर सोडवलंस, फक्त पेपर दुसराच होता. 'कॉलेजात सगळ्यात भारी कोण खेळतं' याचं उत्तर तू काढलंस. क्लबवाले त्या दिवशी टेबलाशी बसतात ते 'जे उरलेत त्यातला कोण आपल्याला नियमात बसवून घेता येईल' हे शोधायला. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या आपल्या डोक्याला हे पटकन उमगत नाही. तिथे जो भारी त्याच्यावर बोली लागते, आणि पैसा ओतला की मिळतो. इथे बोली नाही, रांग आहे, आणि सगळ्यात भारी पोरं बरेचदा त्या रांगेत नसतातच.

हे मी शिकलो ते तोंडावर आपटून. डिसेंबर २०१५ मध्ये स्टॅनफर्डने कॉलेजच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात क्लेमसनला ४-० असं धुतलं, जॉर्डन मॉरिसने त्यात दोन गोल केले. पुढे हर्मन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्यालाच मिळाली. मी नुकताच या नादाला लागलो होतो. छाती फुगवून यादीत पहिलं नाव टाकलं: मॉरिस. ऑफिसातला एक जण इतका हसला की मला कळेना काय झालं. मॉरिस सिएटल क्लबच्या ॲकॅडमीत, म्हणजे पोरं घडवायच्या शाळेत, तयार झालेला, त्यामुळे त्याचे हक्क सिएटलकडेच होते. जानेवारीत त्याने थेट त्यांच्याशी करार केला, ड्राफ्टचा संबंधच आला नाही. त्या वर्षी पहिला गेला तो वेक फॉरेस्टचा जॅक हॅरिसन, कॉलेजात एकच हंगाम खेळलेला इंग्लिश पोरगा. तोही शिकागोने निवडला आणि लगेच न्यूयॉर्क सिटीला देऊन टाकला. म्हणजे नाव बरोबर आलं असतं तरी संघ चुकलाच असता.

तर पहिलं काम खोडायचं. होमग्रोनचा नियम २००८ पासून आहे: क्लबने आपल्या ॲकॅडमीत वाढवलेला पोरगा ड्राफ्टशिवाय घेता येतो, आणि तो कॉलेजात गेला तरी क्लब हक्क राखून ठेवू शकतो. प्रत्येक कॉलेजच्या संघाच्या पानावर खेळाडूच्या परिचयात 'आधीचा क्लब' लिहिलेला असतो. कंटाळवाणं काम आहे, पण तुझ्या अख्ख्या मॉडेलपेक्षा या एका रकान्याने जास्त फरक पडेल. एक मात्र कर: ॲकॅडमीचं नाव दिसलं की शाईने फुली मारू नकोस, पेन्सिलने प्रश्नचिन्ह टाक. काही पोरांचे हक्क क्लबने सोडलेले असतात, काहींची ॲकॅडमीतली वर्षंच पुरेशी भरलेली नसतात. अशी नावं ड्राफ्टमध्ये येतात आणि बरीच वरही जातात.

दुसरी फुली परदेशी निघालेल्यांवर. २०२१ ची हर्मन जॉर्जटाउनच्या दांते पोलवाराला मिळाली आणि तो गेला स्कॉटलंडला, ॲबरडीनकडे. नोव्हेंबर-डिसेंबरात एजंट आणि चाचण्यांच्या बातम्यांवर डोळा ठेव.

या दोन फुल्या मारल्या की यादीचा चेहराच बदलतो. देशी पोरांमधली वरची साय ॲकॅडम्यांनी आधीच काढून घेतलेली असते. उरतात ते उशिरा फुललेले, आजूबाजूला एमएलएसची ॲकॅडमी नसलेल्या गावांतले, आणि मुख्य म्हणजे शिष्यवृत्तीवर आलेले परदेशी. पहिल्या क्रमांकाला गेलेली नावं बघ. २०१४ आंद्रे ब्लेक, जमैका. २०१५ साइल लॅरिन, कॅनडा. २०१७ अबू डानलाडी, घाना. २०१८ जुआंव मोटिन्यो, पोर्तुगाल. २०२३ हमादी दियोप, सेनेगल. २०२४ टायरीस स्पायसर, त्रिनिदाद. २०२५ मनू दुआ, पुन्हा घाना. योगायोग नाही हा, होमग्रोनच्या चाळणीतून जे उरतं ते असंच दिसणार.

आणि इथेच पुढची मेख आहे. मी केरीत राहतो, नॉर्थ कॅरोलायनात. वेकमेड सॉकर पार्क घरापासून गाडीने बारा मिनिटांवर, आणि कॉलेज कपचे, म्हणजे त्या राष्ट्रीय स्पर्धेचे, शेवटचे सामने बरेचदा तिथेच होतात. डिसेंबर २०२२ च्या उपांत्य फेरीला थर्मासमध्ये चहा आणि खिशात चिक्की घेऊन मी वरच्या रांगेत बसलो होतो. शेजारी एका क्लबचा स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा. क्लबचं नाव सांगत नाही. मी आपला उत्साहाने एका विंगरबद्दल सुरू झालो, बघा कसा डावीकडून कापून आत येतो, बघा कसा वेग बदलतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि वहीतून मान वर न काढता विचारलं, "ग्रीन कार्ड आहे का त्याचं?"

आता आपल्या मंडळींना ग्रीन कार्डचं महत्त्व मी काय सांगू! इथल्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत तोच विषय असतो. पण फुटबॉलच्या मैदानात तो ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. कारण साधं आहे. प्रत्येक क्लबला परदेशी खेळाडूंच्या ८ जागा मिळतात, त्या क्लब आपापसात विकतात-घेतात. ती जागा क्लबला अर्जेंटिनातून किंवा पोलंडमधून आणलेल्या तयार खेळाडूसाठी हवी असते, एकवीस वर्षांच्या कॉलेजकुमारासाठी नाही. अमेरिकन क्लबकडे ग्रीन कार्डवाला मात्र देशी म्हणून मोजला जातो. त्यामुळे सारख्याच ताकदीचे दोन परदेशी विंगर असतील, तर कार्ड असलेला आधी जातो. तुझ्या शीटमध्ये देशाचा रकाना नव्हता. तो घाल, आणि त्याच्या शेजारी क्लबकडे किती परदेशी जागा रिकाम्या आहेत तेही.

मग वरची सगळी परदेशी नावं कशी गेली? बरीचशी जनरेशन आदिदासमुळे. लीग दरवर्षी काही निवडक कॉलेज खेळाडूंशी आधीच करार करते. त्यांचा पगार क्लबच्या एकूण पगाराच्या मर्यादेत धरत नाहीत, आणि शिक्षण पुढे पूर्ण करायचं झालं तर त्यासाठी पैशाची तरतूद असते. क्लबच्या दृष्टीने हा जवळजवळ फुकटचा माल. ही यादी ड्राफ्टच्या आधी जाहीर होते. ती आली की बाकी सगळं बाजूला ठेव आणि ती नावं वरच्या दहा-बाराच्या आसपास बसव. निम्मं काम तिथेच झालं.

आता तुझ्या आकड्यांकडे येतो. एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची संघटना, गोलला दोन गुण देते आणि असिस्टला एक, तू तेच गुण धरलेस. त्यामुळे तुझ्या मॉडेलला सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, दिसतच नाहीत, बिचारे वर्षाला दोन कॉर्नरवर डोकं लावतात तेवढंच. आणि क्लब तर तेच शोधत असतात! गोल करणारा नऊ नंबर (स्ट्रायकर) किंवा त्याला चेंडू पुरवणारा दहा नंबर क्लब बाहेरून मोठा पैसा टाकून आणतो. मोजक्या मोठ्या खेळाडूंना पगाराच्या मर्यादेबाहेर पैसे द्यायची सोय बेकहॅमपासून लीगनेच करून ठेवली आहे. स्वस्तातला, देशी, दहा वर्षं पुरणारा बचावपटू मात्र कॉलेजातून मिळतो. वॉकर झिमरमन २०१३ मध्ये सातवा, माइल्स रॉबिन्सन २०१७ मध्ये दुसरा, ॲलिस्टर जॉन्स्टन २०२० मध्ये अकरावा. तिघेही पुढे आपापल्या देशाच्या राष्ट्रीय संघात.

शिवाय कॉलेजचे नियम वेगळे. बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा मैदानात येऊ शकतो. म्हणजे पुढे पळून पळून दमलेला स्ट्रायकर पहिल्या अर्ध्यात बसतो, दुसऱ्या अर्ध्यात ताजातवाना होऊन समोरच्या थकलेल्या बचावाची पिसं काढतो. आकड्यात तो गोल दिसतो, मधली विश्रांती दिसत नाही. म्हणून मी खेळलेली मिनिटं बघतो, आणि प्रत्यक्ष बघायला मिळालं तर पंच्याहत्तराव्या मिनिटानंतर फुल-बॅककडे, म्हणजे कडेच्या बचावपटूकडे, बघतो. चेंडू त्याच्या कमजोर पायावर आला आणि समोरून माणूस धावत आला, की तो चेंडू बाहेर टोलवतो की पहिल्या स्पर्शातच आतल्या बाजूला वळवतो. बाहेर टोलवणारे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत जातात असा माझा अनुभव. स्काउट लोकही तेव्हाच वही उघडतात.

मे ते जुलै पोरं यूएसएल लीग टू नावाच्या उन्हाळी लीगमध्ये खेळतात, तेही आकडे घे. कॉलेजात कमकुवत गटाविरुद्ध पंधरा गोल मारणारा तिथे दिसेनासा झाला असेल, तर क्लबांनी ते पाहिलेलं असतं.

पण हेही सांगतो, माझा हा स्ट्रायकरवरचा संशय मला एकदा चांगलाच नडला. त्याच २०२२ च्या उपांत्य सामन्यात क्रेटन सिरॅक्यूजकडून ३-२ ने हरलं. क्रेटनचा डंकन मॅग्वायर, ओमाहाचा, म्हणजे जिथे एमएलएसचा क्लबच नाही तिथला. दणकट, सरळसोट, चौकटीत चेंडू आला की मारायचा. मी म्हटलं, असले कॉलेजात चालतात, आणि त्याला पार खाली ढकललं. ऑर्लँडोने सहाव्या क्रमांकावर उचलला, पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये दोन आकडी गोल केले, आणि २०२२ ची हर्मनही त्यालाच होती. बायको अजून कधीकधी विचारते, "तो तुमचा चालणार नाही म्हणालेला मुलगा काय करतो हल्ली?"

कॉलेजचं नाव हा रकाना फुकटात मिळतो, तो सोडू नकोस. २०११ मध्ये पहिल्या आठ निवडींत पाच जण एकट्या ॲक्रनचे होते. आदल्या महिन्यातच ते राष्ट्रीय विजेते झाले होते, आणि केलेब पोर्टर तिथे जो चेंडू जमिनीवर ठेवून खेळायला शिकवायचे तो व्यावसायिक क्लबांना ओळखीचा वाटायचा. ब्लेक आणि लॅरिन हे लागोपाठ दोन वर्षांचे पहिले, दोघेही कनेटिकटचे. प्रशिक्षकाचा फोन क्लबमध्ये उचलला जातो की नाही, हे मॉडेलमध्ये घालता येत नाही. कोणत्या कॉलेजातून कोणत्या क्लबने आधी किती घेतले, ते घालता येतं.

२०२४ च्या ड्राफ्टपासून काम अवघड झालंय, ते तुझ्या चार नावांच्या बाजूने मी धरतो. आधी मुख्यतः शेवटच्या वर्षाची पोरं आणि जनरेशन आदिदासवाले असायचे. आता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचेही निवडता येतात, आणि क्लब हक्क आपल्याकडे ठेवून पोराला कॉलेजात खेळू देतो. म्हणजे क्लब कधीकधी आजचा नाही, दीड वर्षानंतरचा खेळाडू उचलतो. म्हणून वय घाल. चोवीस वर्षांच्या पदवीधराचे बारा गोल आणि एकोणीस वर्षांच्याचे सात, यात क्लब सात घेईल. जागाही बदलून बघतात: दुआ कॉलेजात मिडफिल्डर होता, सॅन डिएगोने त्याला सेंटर-बॅक केलं.

संघांची नावं शेवटच्या संध्याकाळपर्यंत भरूच नकोस. निवडीच्या जागा शेवटच्या तासापर्यंत विकल्या जातात. आणि तिसऱ्या फेरीचा अंदाज तर करूच नकोस. तिथे कित्येक क्लब 'पास' म्हणून मोकळे होतात, आता 'पास'चा अंदाज काय बांधणार?

गुण मोजायची तुझी पद्धतही जरा कडक आहे. मी पहिल्या फेरीत नाव आलं की एक गुण धरतो, पाच जागांच्या आत आलं की अर्धा जास्त, संघ जुळला की आणखी एक. नेमका क्रमांक जुळला तर त्या दिवशी बाहेर जेवायला जातो, एवढाच त्याचा उपयोग.

शेवटी तू विचारलंयस, पुढे मोठा खेळाडू झालेला क्लिंट डेम्प्सी २००४ मध्ये आठवा का गेला आणि मॅट टर्नरला २०१६ मध्ये कुणीच का निवडलं नाही, हे मॉडेलला सांगता येईल का. तो प्रश्न वेगळा आहे, इथे मिसळू नकोस. टर्नर पुढे आर्सेनलला गेला, २०२२ च्या विश्वचषकात अमेरिकेच्या गोलमध्ये उभा राहिला, ख्रिस वोंडोलोव्स्की २००५ च्या पुरवणी ड्राफ्टच्या चौथ्या फेरीतून येऊन लीगचा सर्वाधिक गोल करणारा झाला. पण २०१६ च्या तुझ्या यादीत टर्नरचं नाव असतं तर ती यादी चूकच ठरली असती. तुला क्लब काय करतील ते सांगायचंय, त्यांनी काय करायला हवं होतं ते नाही.

आणि मुलींच्या लीगसाठी हेच करायचा विचार असेल तर राहू दे. एनडब्ल्यूएसएलने २०२४ मध्ये ड्राफ्टच बंद केला, आता मुली आपला क्लब स्वतः ठरवतात. जानेवारी २०२४ चा शेवटचा. त्यात पहिली गेलेली ॲली सेंटनर इथलीच, चॅपल हिलच्या विद्यापीठाची. तिला केरीजवळ खेळताना खूपदा पाहिलंय. तिचा अंदाज मात्र माझा बरोबर आला होता.

तुझी शीट पाठव. देश, जन्मसाल, आधीचा क्लब आणि खेळलेली मिनिटं हे चार रकाने घालून पाठव, गोल नसले तरी चालतील. फुल्या आपण दोघं मिळून मारू. पेन्सिलच्या प्रश्नचिन्हांवर बहुतेक भांडू.