वॉल स्ट्रीटवर कमावलेल्या पैशावर निवडणूक जिंकलेला नेता कोण?

अशी नावं बरीच आहेत, पण मी जॉन कॉर्झाइनचं घेईन. इलिनॉयमधल्या शेतावर वाढलेला हा माणूस १९७५ मध्ये गोल्डमन सॅक्स या वॉल स्ट्रीटवरच्या गुंतवणूक बँकेत शिरला, रोख्यांच्या व्यवहारात मुरला आणि १९९४ मध्ये कंपनीचा प्रमुख झाला. १९९९ मध्ये सहकाऱ्यांनीच खुर्ची काढून घेतली. मग गड्याने न्यू जर्सीतून सिनेट लढवली आणि स्वतःचे सहा कोटींवर डॉलर ओतले. एवढं करूनही विजय काठावरचाच!

२००६ मध्ये त्याच राज्याचा गव्हर्नर झाला. पगार घ्यायचा वर्षाला एक डॉलर. पुढच्याच वर्षी त्याच्या सरकारी गाडीला भीषण अपघात झाला. वेग ताशी जवळपास १४५ किलोमीटर आणि साहेबांनी सीटबेल्ट लावलेला नाही. मांडीचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या. बरा झाल्यावर सीटबेल्टच्या सरकारी जाहिरातीत स्वतःच झळकला.

२००९ मध्ये गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत ख्रिस क्रिस्टीने हरवलं. पुढे एमएफ ग्लोबल ही दलाली कंपनी हाती घेतली, युरोपीय सरकारी रोख्यांवर मोठा डाव लावला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. ग्राहकांच्या पैशांना हात लागला, हे मला सगळ्यात गंभीर वाटतं. ते पैसे यथावकाश परत मिळाले. कॉर्झाइनवर फौजदारी खटला झाला नाही, पण २०१७ मध्ये पन्नास लाख डॉलरचा दंड बसला.