आमदारांकडे जाताना अर्जाची पोच सोबत घ्या

*आमदार आठवडाभर मतदारांसाठी नेमकं काय करतात, आपलं काम घेऊन त्यांच्याकडे कसं जावं, याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या महिन्यात उत्तरं देत आहे. ग्रामीण मतदारसंघातल्या आमदारांची स्वीय सहायक म्हणून मी बरीच वर्षं काम केलं. लिहिते आहे ते त्या टेबलावरून पाहिलेलं.*

प्रश्न : आमचे आमदार आठवड्यातले दोन-तीन दिवस मुंबईत असतात. अधिवेशन नसताना तिथे काय काम असतं? आम्ही त्यांना भेटायचं कधी? (एक वाचक, बीड जिल्हा)

सोमवार बहुतेक ठिकाणी मतदारसंघातल्या कार्यालयाचा. सकाळी आठला दार उघडायच्या आधीच ओट्यावर माणसं बसलेली असतात. जळालेली डीपी (गावातला विजेचा ट्रान्सफॉर्मर), अडलेला शेतरस्ता, ऑनलाइन यादीतून गळलेलं रेशनकार्डावरचं नाव, निराधारांचं थांबलेलं अनुदान. यातलं एकही काम कायद्याने आमदारांचं नाही. ती कामं महावितरणची, तहसीलची, पुरवठा शाखेची. तरीही माणसं येतात, कारण तिथल्या खिडकीवर त्यांना कुणी नीट उत्तर दिलेलं नसतं. त्यांना 'हे माझं काम नाही' असं सांगून परत पाठवणारा लोकप्रतिनिधी मला कधीच आवडला नाही.

मंगळवार-बुधवार मंत्रालयात जातात, आणि ते जायलाच हवेत. पूल, बंधारा, शाळाखोल्या यांचे प्रस्ताव तिथे अडकतात. मंत्र्यांनी निवेदनावर 'तपासून सादर करावे' असा शेरा मारला की कार्यकर्ते गावात पेढे वाटतात. पण तो शेरा म्हणजे मंजुरी नाही. त्यानंतर फाइल कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी चढते, खर्चाचा विषय असेल तर वित्त विभागाकडे जाते, तिथून शंका काढून परत येते. ती कोणत्या टेबलावर आहे हे पाहत राहणं हेच मुंबईतलं खरं काम. चांगला आमदार मंत्र्यांच्या दालनाइतकाच कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलापाशी दिसतो.

उरलेले दिवस गावभेटी, तालुक्याच्या बैठका, लग्नं, दहावे. दु:खाच्या घरी त्यांनी जावं असं मला मनापासून वाटतं. विम्याचं, वारसाचं, पोरांच्या शिक्षणाचं अडलेलं काम तिथे न मागता कळतं. लग्नांचं मात्र तसं नाही. लग्नसराईत एकेका दिवशी इतक्या पत्रिका येत की दुपारची आढावा बैठक हमखास बुडायची. आमदार लग्नाला आले नाहीत म्हणून रुसू नका, एवढी कळकळीची विनंती.

भेटायचं असेल तर आधी कार्यालयात फोन करून दौरा विचारा आणि एका माणसाने या. दहाजण आले की बोलणारे चार होतात आणि मूळ विषय बाजूला पडतो.

प्रश्न : वडील वारले. वारस नोंदीसाठी तलाठी कार्यालयात सहा महिने फेऱ्या मारतोय. आमदारांचं पत्रही नेऊन दिलं, तरी काम होत नाही. पत्राला काही किंमत आहे की नाही? (एक वाचक, नाशिक जिल्हा)

पत्राला किंमत आहे, पण ते आदेश नाही. तुमचा अर्ज नोंदलेला असेल तरच पत्राने त्याला गती येते. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असायचा, 'पोच कुठे आहे?' निम्म्याहून जास्त लोकांकडे ती नसायची. अर्ज तोंडी सांगितलेला असायचा, किंवा कुणाच्या तरी हाती दिलेला. अर्जाचा क्रमांक आणि तारीख हातात नसताना मी फोन केला की समोरून 'बघतो' एवढंच येई. क्रमांक सांगितला की त्याच फोनवर कळायचं, कागद कुठे थांबलाय.

आता तुमच्या नोंदीबद्दल. वारसाची माहिती गाव नमुना 6-क या वारसांच्या नोंदवहीत येते, मग नमुना 6 मध्ये फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातला बदल, धरला जातो आणि हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते. कुणी हरकत घेतली की प्रकरण 6-अ या विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी होऊन निर्णय होतो. तुमच्या नोंदीवर हरकत आहे का, हे आधी विचारा. असेल, तर तिथे आमदारांनी 'यांच्या बाजूने करा' असा फोन करूच नये. तो निवाडा आहे, दोन्ही बाजू ऐकूनच व्हायला हवा. निकाल विरुद्ध गेला तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील करता येतं.

हरकत नसेल तर बहुतेक वेळा एखादी अगदी साधी गोष्ट राहिलेली असते. एक मावशी कापडी पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या होत्या, तीन जणांची पत्रं त्यात होती. सगळे कागद टेबलावर पसरले तेव्हा दिसलं की लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या मुलीला नोटीस बजावलीच गेली नव्हती. तिचा माहेरचाच पत्ता लावला होता. चौथं पत्र देण्याऐवजी आम्ही तिचा खरा पत्ता लिहून अर्ज दिला आणि पोच घेतली. नोंद झाली.

आणखी एक हत्यार तुमच्याच हातात आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली अधिसूचित केलेल्या सेवांना मुदत ठरलेली आहे. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर त्याच खात्यात पहिलं आणि दुसरं अपील करता येतं, पुढे याच कायद्याखालच्या लोकसेवा हक्क आयोगाकडे जाता येतं. कारण नसताना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. आमदारांच्या पत्राने जे होत नाही ते या अपिलाच्या एका कागदाने झालेलं मी पाहिलंय. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी लोकशाही दिन असतो. तिथे अर्ज आधी द्यावा लागतो.

प्रश्न : नातेवाईक मोठ्या धर्मादाय रुग्णालयात दाखल आहे. आमदारांच्या पत्राने बिल कमी होतं का? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

रात्री दोनला वाजणारा फोन बहुधा हाच असायचा, आणि पलीकडचा माणूस रडत असायचा. त्यांना मी जे सांगत असे तेच तुम्हाला सांगते. ही मेहेरबानी नाही, तुमचा हक्क आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41अअ आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे या रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 80 हजार, दुर्बलांसाठी 3 लाख 60 हजार. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणंही बंधनकारक आहे.

त्यासाठी आमदारांच्या पत्राची अट नाही. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा, आणि शक्य तितकं लवकर भेटा. बिल तयार झाल्यावर आमच्याकडे येणाऱ्यांसाठी करण्यासारखं फार थोडं उरायचं. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल आणि आजार यादीत बसत असेल तर तेही त्याच दिवशी विचारा. समाजसेवकाने दाद दिली नाही, की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करा आणि तेव्हा आमदारांना जरूर फोन लावा.

प्रश्न : पोलीस ठाण्यात तक्रार घेत नाहीत. आमदारांना फोन करायला सांगावा का? (एक वाचक, जळगाव जिल्हा)

गुन्हा दखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येतो असा, असेल तर नोंदवून घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. 'तक्रार नोंदवून घ्या' असं आमदारांनी म्हणणं रास्त. 'सोडून द्या' असं म्हणायला सांगू नका.

प्रश्न : आमदार निधीतून आमच्या वाडीला काहीच मिळालं नाही. हे पैसे जातात कुठे? (एक वाचक, सातारा जिल्हा)

हे पैसे आमदारांच्या हातात कधीच येत नाहीत. राज्यात दर आमदारामागे वर्षाला 5 कोटी रुपये आहेत. आमदार काम सुचवतात, तपासून मंजुरी जिल्हाधिकारी देतात. कोणतं काम कोणत्या गावाला सुचवलं, त्याची यादी जिल्हा नियोजन कार्यालयात असते. माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून मागा, 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. यादी हातात घेऊन आमदारांना प्रश्न विचारा. तो टाळणं अवघड जातं.

प्रश्न : मी कॉलेजात शिकते. आमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही. आमदारांनी हे सभागृहात मांडावं यासाठी आम्ही काय करू शकतो? (एक वाचक, गडचिरोली जिल्हा)

या पत्राचा मला फार आनंद झाला. डीपीसाठी फोन सरपंचही करू शकतो. विधानसभेत उभं राहून मंत्र्यांना विचारण्याचा अधिकार मात्र त्या 288 जणांनाच आहे, आणि त्यांच्याकडे ते काम मागायला फारच थोडे लोक येतात.

तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं, त्यावर उपप्रश्नही विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी मिळतं. तातडीच्या विषयासाठी लक्षवेधी सूचना असते. मंत्र्यांनी सभागृहात 'करू' म्हटलं की ते आश्वासन समितीच्या नोंदीत जातं, त्यामुळे ते विसरता येत नाही.

प्रश्नाचा मसुदा आम्ही कार्यालयात लिहायचो, आणि तो मतदारांनी आणलेल्या माहितीइतकाच चांगला व्हायचा. 'डॉक्टर नाही' एवढ्यावर मंत्री 'पदभरतीची कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर देऊन बसतात. तेव्हा तुम्ही मैत्रिणी मिळून पुढची माहिती जमवा : केंद्रात मंजूर पदं किती, भरलेली किती, पद कोणत्या तारखेपासून रिकामं आहे, रुग्णांना पुढे कुठे पाठवतात, ते अंतर किती, आधी कुणाला निवेदनं दिली आणि त्यांची पोच. पदांची माहिती जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडून माहिती अधिकारात मिळेल. सगळं एका पानात बसवा, मागे पुरावे जोडा, आणि अधिवेशनाच्या बरंच आधी द्या, कारण प्रश्न पाठवायची मुदत अधिवेशन सुरू होण्यापूर्वीच संपते. हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं, म्हणजे ऑक्टोबर उजाडताच कामाला लागा. प्रत आमदारांच्या स्वीय सहायकांच्या हातात द्या आणि तिचीही पोच घ्या.