बेळगाव, खानापूर, निपाणी आणि शिनोळीची ऑफिसं एका नेटवर्कमध्ये जोडायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुख्य ऑफिस बेळगावात, शाखा खानापूर आणि निपाणीला, गोडाऊन शिनोळीत. चारी ठिकाणी साधं ब्रॉडबँड आहे, लीज लाइनचा (कंपनीकडून भाड्यानं घ्यायच्या खास तारेचा) खर्च झेपत नाही, आणि हिशेबाचं एकच सॉफ्टवेअर सगळीकडून वापरायचंय. शिवाय व्हीपीएनवर (साध्या इंटरनेटमधून ऑफिसं जोडणारी खाजगी वाट) सरकारनं बंदी घातली म्हणतात, ते खरं आहे का, हेही विचारलंय.

नाव आधी सांगून टाकतो: वायरगार्ड, हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर. या भागातल्या छोट्या ऑफिसांची नेटवर्कं जोडायचं काम मी गेली बारा वर्षं करतोय. सुरुवातीला आयपीसेक, नंतर ओपनव्हीपीएन ही जुनी व्हीपीएन वापरली, आणि मार्च २०२० मध्ये वायरगार्ड लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नल) ५.६ आवृत्तीत आलं, तेव्हापासून एकेक गिऱ्हाईक त्यावर आणलं. फुकट आहे, मूळ कोड चारेक हजार ओळींचा आहे, आणि मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये आवृत्ती ७ पासून आतच येतं, म्हणजे शाखेत वेगळा कॉम्प्युटर चालू ठेवायला नको. पण नुसतं हे बसवून तुमचा हिशेब शिनोळीत उघडेल असं समजू नका. तिथं माझा एक पूर्ण आठवडा गेलाय.

बाची गाव ओलांडलं की महाराष्ट्रातलं शिनोळी. बेळगावपासून पंधरा-वीस किलोमीटर. तुमच्यासारख्याच एका गिऱ्हाइकाचं गोडाऊन तिथं होतं. टनेल (व्हीपीएनची वाट) उभं राहिलं, पिंग लागला (पलीकडून उत्तर आलं), बेळगावच्या सर्व्हरवरचं शेअर्ड फोल्डर दिसलं. मी समाधानानं परत फिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या कारकुनाचा फोन: "सर, खातं उघडायला क्लिक केलोय, खरं नुसतं चक्र फिरायलंय बघा." जाऊन घड्याळ लावून बसलो. बेळगावात जे खातं क्लिकसरशी उघडत होतं, त्याला शिनोळीत मिनिटभर लागत होतं. मालकांनी ५० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा केला. तरी मिनिटच.

शेवटी शिनोळीहून बेळगावला ट्रेसर्ट (डेटा कुठून कुठून जातो ते दाखवणारी कमांड) घातला तेव्हा उमगलं. दोन्हीकडे कंपन्या वेगळ्या, एकीकडे महाराष्ट्राचं टेलिकॉम सर्कल, दुसरीकडे कर्नाटकाचं. शिनोळीतून निघालेला पॅकेट (डेटाचा तुकडा) आधी मुंबईला जात होता, तिथून बेंगळुरूला आणि मग बेळगावात येत होता. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे २०० किलोमीटरला एक मिलिसेकंद. सरळ गेला असता तर वीस किलोमीटरला काहीच लागलं नसतं. पण हा वळसा दीड-दोन हजार किलोमीटरचा, तोही जाऊन-येऊन, वर वाटेतले राउटर. एका फेरीला चाळीस मिलिसेकंद पडत होते.

चाळीस मिलिसेकंद ऐकायला काहीच नाही. पण हिशेबाचं सॉफ्टवेअर शेअर्ड फोल्डरमधली फाइल उघडतं तेव्हा ती एका दमात आणत नाही. थोडं वाचतं, लॉक मागतं, उत्तर आलं की पुढचं थोडं वाचतं. एक खातं उघडायला दीड हजार फेऱ्या झाल्या तर चाळीस मिलिसेकंदांनी पूर्ण साठ सेकंद होतात. ऑफिसातल्या ऑफिसात एका फेरीला अर्धा मिलिसेकंद, म्हणजे पाऊण सेकंदात काम संपतं. लाइन रुंद केल्यानं फेरी छोटी होत नाही, म्हणून २०० एमबीपीएसचा काडीचा उपयोग झाला नाही. तुमचं अंतर किलोमीटरात धरू नका, फेऱ्यांत मोजा.

यावर उपाय असा: डेटा आणि सॉफ्टवेअर दोन्ही बेळगावच्या सर्व्हरवरच ठेवा आणि शाखांनी टनेलमधून रिमोट डेस्कटॉपनं तिथं काम करावं. मग फाइल बेळगावातल्या बेळगावात वाचली जाते, शिनोळीला फक्त पडदा जातो. चाळीस मिलिसेकंदांत टाइप करणाऱ्याला फरक कळतही नाही. साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस असा बसू शकतो, त्यामुळे विंडोज सर्व्हर आणि माणशी रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स हा खर्च आधीच धरा. आणि हात जोडून सांगतो, रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट (आत यायचं दार) राउटरवरून थेट इंटरनेटला उघडू नका. "तात्पुरतं उघडून द्या" म्हणून उघडलेलं आणि महिन्याभरात सगळ्या फाइली कुलूपबंद होऊन पैशाची मागणी आलेलं ऑफिस मी पाहिलंय. मार्चअखेरचे दिवस होते, आणि बॅकअपची डिस्कही त्याच मशीनला लावलेली होती. टनेल असल्यावर ते पोर्ट बाहेर दाखवायची गरजच उरत नाही.

आता नेटवर्कमधल्या पत्त्यांचं (आयपी). हे सगळ्यात आधी करा. इंटरनेटवाल्यांनी दिलेले राउटर बहुतेक १९२.१६८.१.१ वरच येतात. बेळगावातही तेच, निपाणीतही तेच. दोन गावांत एकाच नंबरची घरं असली की पोस्टमननं पत्र कुठं टाकायचं? मी बेळगावला १०.२०.१०, खानापूरला १०.२०.२०, निपाणीला १०.२०.३० आणि शिनोळीला १०.२०.४० अशी पत्त्यांची पट्टी देतो. आकडा बघूनच गाव कळतं. कॉम्प्युटर आपोआप नवा पत्ता घेतात, पण प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर आणि हजेरीचं मशीन यांना कुणीतरी कधीतरी हातानं पत्ता घातलेला असतो. त्यासाठी एक रविवार राखून ठेवा, आणि हजेरी मशीनचा पासवर्ड शनिवारीच शोधून ठेवा.

चौघांपैकी एकाला तरी बाहेरून सापडणारा पत्ता हवा. बेळगावला स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) घ्या. बाकीच्यांना नसला तरी चालतो, ते आपणहून बेळगावला हाक मारतील. राउटरच्या पानावर वॅनचा (इंटरनेटकडच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात दिसला, तर तुमची लाइन कंपनीच्या सामाईक पत्त्यामागं आहे आणि बाहेरून तुमच्यापर्यंत कुणी पोचू शकत नाही. अशा शाखेत वायरगार्डमधलं पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (ठराविक वेळानं आपोआप हाक मारणं) २५ सेकंदांवर ठेवा, म्हणजे वाट उघडी राहते. बेळगावातही स्टॅटिक मिळत नसेल तर मुंबईतला एखादा छोटा क्लाउड सर्व्हर भाड्यानं घेऊन चौघांनाही तिथं जोडा.

वायरगार्डच्या कॉन्फिगमधल्या अलाउड आयपीज या ओळीत जवळजवळ सगळे चुकतात. पलीकडच्या टोकामागं कुठले पत्ते आहेत, ते तिथं लिहायचं असतं. खानापूरला बेळगावमार्गे निपाणी गाठायची असेल, तर खानापूरच्या राउटरवर बेळगावच्या नावापुढं निपाणीची पट्टीसुद्धा लिहावी लागते.

खानापूरचं आणखी एक सांगायला हवं, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जुलैचा पाऊस, दुपारभर लाइट जा-ये करत होती. लाइट आली, फायबरचा दिवा हिरवा, इंटरनेट चालू, पण टनेल काही केल्या उठेना. दोनदा टनेलच्या गुप्त किल्ल्या बदलून पाहिल्या. शेवटी राउटरच्या लॉगमधल्या तारखेवर नजर गेली: १ जानेवारी १९७०. छोट्या राउटरात घड्याळाची बॅटरी नसते, लाइट गेली की तारीख मागं जाते. वायरगार्ड प्रत्येक हँडशेकवर (दोन टोकांच्या ओळखीच्या संदेशावर) वेळेचा शिक्का मारतं, आणि आधीच्यापेक्षा जुना शिक्का आला तर समोरचं टोक तो गुपचूप टाकून देतं. कुणी जुना पॅकेट पकडून पुन्हा पाठवू नये म्हणून ही सोय आहे, आणि ती योग्यच आहे. चूक माझी होती: राउटरनं वेळ विचारायचा सर्व्हर मी बेळगावच्या ऑफिसातला दिला होता, म्हणजे टनेलच्या पलीकडचा. वेळ कळल्याशिवाय टनेल नाही आणि टनेलशिवाय वेळ नाही. तेव्हापासून मी वेळेचा सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटवरचाच देतो आणि राउटरला छोटा यूपीएस लावतो.

कुणी म्हणेल, चारी ऑफिसं एकाच स्विचला (ऑफिसातले कॉम्प्युटर जोडणारा डबा) लावल्यासारखी दिसली पाहिजेत. तेही होतं. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातून आलेलं सॉफ्टईथर ते छान करतं, २०१४ पासून त्याचा सोर्सही खुला आहे. पण तुम्ही ते करू नका असंच मी सांगेन. मग निपाणीतल्या कॉम्प्युटरला बेळगावचा राउटर पत्ता देऊन बसतो आणि प्रत्येक मशीनची आरोळी (सगळ्यांना उद्देशून पाठवलेला संदेश) चारी गावांत घुमत राहते.

बंदीचं म्हणाल तर तशी बंदी नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशात व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकांची माहिती पाच वर्षं ठेवावी असं आहे. कंपन्यांच्या स्वतःच्या अंतर्गत व्हीपीएनला तो नियम लागू नाही, असा खुलासा पुढच्याच महिन्यात त्यांनी केला. तुमचीच चार ऑफिसं तुम्ही जोडताय, तुम्हाला अडचण नाही.

काही विकत घेण्याआधी दोनच कामं करा. खानापूरच्या राउटरवर वॅनचा पत्ता बघून ठेवा, आणि शिनोळीहून बेळगावच्या पत्त्याला सकाळी अकराच्या गर्दीत एकदा ट्रेसर्ट घाला. दोन्हीचं जे दिसेल ते इथंच लिहा, मी पट्ट्यांसकट पूर्ण कॉन्फिग लिहून देतो.